ढोलासाठी आणलेला डबा

कॅसेट संपून खटका वर आला तरी आप्पांचा तळहात स्टिरिओवरच असायचा. डोळे मिटलेले, मान किंचित हलत असलेली. मी मनात म्हणायचे, बघा, माणूस किती रंगलाय, आणि मला माझंच कौतुक वाटायचं. त्या उन्हाळ्यात मी माझ्या हातानं जोडलेल्या वायरींनी माझ्या बापाचा जीव जाता जाता राहिला. राहिला म्हणून देवापुढं नारळ फोडावा, तर तेवढंही सुख नीट पदरात पडलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. आटपाडीच्या पलीकडं आमचं गाव. घराणं मेंढरांचं, पण आप्पा मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले, तोफखान्यात. तोफांनी त्यांचे कान खाल्ले. पेन्शनीत आले तेव्हा निम्मे बहिरे होते, आता पूर्ण म्हटलं तरी चालेल. कानातलं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी चार दिवस वापरलं आणि "ह्यात निस्ती भांडी वाजत्यात" म्हणून कपाटात टाकलं. बारीक आवाज कधीच गेले होते, माणसांचे, पाखरांचे, माझे. उरले होते ते तळातले, जाड आवाज. ट्रकचा, आभाळाचा, आणि ढोलाचा.

ढोल हा तर त्यांचा जीव. आमच्याकडं ढोलावर गजीचा नाच असतो, त्या गजीत ते पोरवयापासून वाजवायचे. रजेवर आले की अंगावरचा प्रवासाचा शर्ट उतरायच्या आधी ढोल गळ्यात. अशाच एका रजेत त्यांनी गावची गजी कॅसेटवर भरून घेतली, ढोलावर स्वतः. ती ज्याच्यावर भरली तो स्टिरिओ त्यांनी एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडनं घेतलेला. जपानी, चंदेरी तोंडाचा, एकट्यानं उचलायला गेलं तर कंबर धरते. दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर. रेडिओसाठी मागनं एक तार निघायची, ती खिडकीतनं बाहेर जाऊन अंगणातल्या लोखंडी खांबाला बांधलेली. त्याच खांबाला साखळीनं आईची शेळी.

गजीतली बाकीची माणसं एकेक करून गेली. आप्पा राहिले आणि ती कॅसेट राहिली. रोज दिवेलागणीला ते ती लावायचे, स्पीकरला छाती टेकवून उभे राहायचे. एका दिवाळीत मी सुट्टीला गेले तर म्हणाले, "ढोल बारीक झाला गं. कातडं सैल पडल्यागत वाजतुय."

ढोल बारीक झाला नव्हता. आप्पांचं उरलंसुरलं ऐकणं चाललं होतं. हे त्यांना सांगायचं कुणी? मी सांगलीला परत आले. तिथं मी शाळेत मराठी शिकवते. सहा महिने ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीआधी एका दुकानात गेले आणि विचारलं, बहिऱ्या माणसाला ढोल ऐकू येईल असं काही आहे का. दुकानदार हसला नाही, एवढं त्याचं खरं. त्यानं एक काळा डबा दाखवला. सबवूफर. फक्त जाड आवाज काढतो, म्हणाला, कानाला नाही आला तरी पायाला येतो, भिंतीला येतो, हाताला येतो.

हाताला येतो म्हणाला आणि मी डबा घेतला. जुन्या सेटला असला डबा जोडायची वेगळी जागाच नसते. त्यानं समजावून सांगितलं, स्पीकरच्या वायरी जिथनं निघतात तिथनंच आणखी दोन जोड्या घ्यायच्या आणि डब्याच्या पाठीमागं द्यायच्या. लाल ते लाल, काळी ते काळी. डब्याला स्वतःची वीज असते, त्यामुळं जुन्या सेटवर भार पडत नाही. मी फोनवर चार व्हिडिओ बघितले आणि मला वाटायला लागलं की मी आता पंचक्रोशीतले रेडिओ दुरुस्त करू शकते.

गावी गेल्यावर पहिलं भांडण चपलांवरनं झालं. स्टिरिओ सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, देवाच्या फळीच्या शेजारी. त्यामुळं आईचा कायदा असा की सोप्याच्या उंबऱ्याच्या आत चप्पल नाही. माझी टाच दुखते, डॉक्टरांनी घरातही मऊ चप्पल घालायला सांगितलीय. मी तशीच आत गेले.

"देवाच्या म्होरं चपला घालून फिरतीस, आनी पोरास्नी शाळंत काय शिकवतीस गं?" आई म्हणाली.

"टाचेचं शिकवते," मी म्हटलं आणि स्टिरिओ भिंतीपासून ओढला. आप्पा माझ्या शेजारी अनवाणी उभे. त्यांनी जन्मात तो उंबरा चप्पल घालून ओलांडला नाही.

वायरींची टोकं सोलली, पीळ दिला, जागेवर बसवली. डब्याची पिन तीन पायांची, जाडजूड. तशा पिनेचा सोप्यात एकच सॉकेट, इस्त्रीचा. स्टिरिओची पिन बापडी दोनच पायांची. हे मी उगाच सांगत नाही, पुढं लागणार आहे. त्या सॉकेटात इस्त्री लावली की कधीमधी आईला चिमटा बसायचा, आणि आई म्हणायची, इस्त्री म्हातारी झाली.

कॅसेट लावली. दिवेलागण होत होती. ढोल वाजला आणि फळीवरची देवाची समई थरथरली. आप्पांनी एक हात स्टिरिओच्या चंदेरी तोंडावर ठेवला आणि पाय फरशीवर घट्ट रोवले. चेहऱ्यावर असं काही आलं की मला तोंड फिरवावं लागलं. "आला," ते म्हणाले. "हातात आला बग." मग कितीतरी वेळानं, कॅसेटची बाजू संपल्यावर, तसेच उभे राहून म्हणाले, "अजून हाय."

मी हसले. म्हटलं, म्हाताऱ्याच्या अंगात घुमतोय अजून.

डब्यात एक खोड होती ती मला त्याच संध्याकाळी कळली. काही वाजत नसतानाही तो घुमायचा. बारीक, एकसारखा, तोंड मिटून कुणी हुंकार धरून बसावं तसा. दुपारी नसायचा. दिवेलागण झाली की सुरू व्हायचा आणि झोपायच्या वेळेला थांबायचा. मी वायरी काढून पुन्हा लावल्या, लालच्या जागी काळी केली, डबा या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेला. शेवटी दुकानदाराला फोन करून त्याची खरडपट्टी काढली. तो म्हणाला, अर्थिंग बघा. मी म्हटलं, आमचं अर्थिंग माझ्या जन्माआधीचं आहे, त्याला काही होत नाही, तुमचा मालच सदोष आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती देणारी मी.

आईचं म्हणणं वेगळंच. "ह्यो डबा घरात आला आनी शेळी बिघडली," ती म्हणायची. ते खरं होतं. शेळी खांबाशी बसेना. चारी पाय जवळ घेऊन, साखळी ताणून, खांबापासून जेवढं लांब जाता येईल तेवढी लांब उभी राहायची आणि संध्याकाळी ओरडायची. वैरण खांबाजवळ टाकली तर तोंड लावायची नाही. दूध आटलं. आईनं मीठ-मिरची ओवाळून टाकली. मी म्हटलं, उन्हाळ्यानं बिथरली असेल, डबा सोप्यात आणि शेळी अंगणात, काय संबंध? आईनं वैरण उचलली आणि खांबापासून लांब नेऊन टाकली. मला तेव्हा आईची कीव आली, आता माझी येते.

आमचं घर मुळात एक. वाटणीत मधे भिंत आली. अलीकडं आम्ही, पलीकडं तात्या आणि काकी, म्हणजे माझे चुलते आणि चुलती. मीटर दोन झाले, चुली दोन झाल्या, पण भिंतीच्या बुडाशी अर्थिंगचा जो खड्डा होता तो एकच राहिला. काकी रोज दिवे लावायच्या आधी त्या खड्ड्यात कळशी ओतायची. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. तुळशीला पाणी घालतात तसं लाईटीला घालायचं, नाहीतर दिवा मिणमिणतो. मीही लहानपणी घातलंय. का घालायचं हे कुणी विचारलं नाही, तुळशीचंही कुठं विचारतो.

मे सरत आला तसं नळाचं पाणी कमी झालं. आधी एक दिवसाआड, मग कधी येईल तेव्हा. काकी कळशीवरनं तांब्यावर आली आणि मग तांब्याही बंद. "प्यायला न्हाई, लाईटीला कुठनं घालू?" ती भिंतीवरनं म्हणाली.

आणि डबा मोठ्यानं घुमायला लागला. आधी कान द्यावा लागायचा, आता स्वयंपाकघरात ऐकू यायचं. समई गाण्याशिवाय थरथरायची. शेळीनं एका संध्याकाळी खांबाची साखळी तोडली आणि ती थेट तळ्याच्या अंगाला पळाली. परत आणली तर अंगणात पाय ठेवेना. मी रोज ठरवायचे की उद्या डबा परत करायचा, आणि रोज संध्याकाळी आप्पांकडं बघून तो बेत पुढं ढकलायचे.

कारण आप्पा फुलले होते. किती वर्षांनी जेवताना आपण होऊन बोलत होते. गजीतल्या माणसांची नक्कल करून दाखवायचे, आईला हसवायचे. "आज ढोल लय जोरात हाय," असं त्यांनी एकदा म्हटलं तेव्हा मी कॅसेट लावलेलीच नव्हती. मी खुणेनं सांगितलं, बंद आहे. त्यांनी मान हलवली, हात काढला, झटकला, बोटं उघडमीट केली आणि पुन्हा तिथंच ठेवला. दंडाची एक शीर उडत होती. मला ते दिसलं. म्हातारपण, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा टाकायला गेले.

त्या दिवशी अमावस्या होती. आईनं सोप्याची शहाबादी फरशी धुऊन काढली होती आणि मला उंबऱ्यात अडवलं. "आज तरी देवाची लाज धर." काही सणाची अमावस्या नव्हे, पण मलाही भांडायचा कंटाळा आला होता. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि ओल्या फरशीवरनं अनवाणी आत गेले. पलीकडं तात्यांच्या घरात दिवे लागले, पंखा सुरू झाला. डबा घुमायला लागला. बास झालं तुझं, म्हणून मी स्टिरिओच्या बटणाला हात घातला.

काय झालं ते सांगता येत नाही. कुणीतरी खांद्यातनं हात उपसून काढावा तसं झालं आणि मी मागं फेकली गेले. भानावर आले तेव्हा पाठ उंबऱ्याला होती, दातखीळ बसलेली आणि उजवा हात माझा नव्हताच. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. हातात येतोय. अजून हाय. उडणारी शीर. इतके दिवस आप्पांच्या हातात ढोल येत नव्हता.

त्याच वेळी आप्पा मोरीतनं हातपाय धुऊन परसदाराच्या अंगानं आत आले. त्यांची वेळ झाली होती. कोपरापासून पाणी निथळत होतं, पावलं ओली, फरशी ओली. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. डोळे स्टिरिओवर होते, उजवा हात आधीच पुढं केलेला.

मी ओरडले. आप्पा म्हणून, बाबा म्हणून, काय काय म्हणून ओरडले. बहिऱ्या माणसाला ओरडून काय उपयोग? उठायला पाय साथ देईनात. बोर्डाचं बटण त्यांच्या पलीकडं. डावा हात मागं चाचपडत गेला आणि त्याला उंबऱ्याबाहेरची माझी चप्पल लागली. ती मी बापाच्या अंगावर फेकली.

छातीवर बसली. आप्पा थांबले. हात स्टिरिओपासून वितीवर होता. त्यांनी खाली पडलेल्या चपलेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या हातात तोवर दुसरी आलेली होती. माझा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातनं आली ती हे बघत दारात उभी राहिली. देवाच्या फळीपुढं लेक बापावर चप्पल उगारून बसलेली. आप्पांनी हात मात्र खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

मी रांगत जाऊन बोर्डाचं बटण पाडलं. मग भिंतीला टेकून रडले. आईला सांगता सांगता माझीच बोबडी वळत होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि सगळं बाहेर निघालं. वीज एका तारेनं घरात येते आणि दुसरीनं परत जाते. वाटणीची भिंत घालताना तात्यांच्या बाजूची परतीची तार तुटली होती. ती जोडून घ्यायची सोडून तात्यांनी तिचं टोक अर्थिंगच्या तारेला पिळलं. दिवे लागले, पंखा फिरला, मग कोण कशाला बघतंय? त्यांच्या घरातली सगळी वीज परतताना जमिनीत शिरायची. खड्डा ओला होता तोवर जमीन त्यातली बहुतेक गिळत होती. खड्डा वाळला तशी ती सगळी दुसरी वाट शोधत आमच्याकडं वळली. अर्थिंगच्या तारेतनं सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रात, तिथनं डब्यात, डब्यातनं मी जोडलेल्या वायरींनी स्टिरिओच्या पत्र्यात, आणि रेडिओच्या तारेनं अंगणातल्या खांबात. जुना स्टिरिओ दोन पायांच्या पिनेवर इतकी वर्षं सुखानं एकटा होता. तात्यांना मी नको नको ते बोलले. ते भिंतीपलीकडं उभे राहून एवढंच म्हणाले, "निम्मं गाव असंच करतंय की." तेही खोटं नव्हतं.

तात्यांची तार जोडली. आमच्यासाठी वेगळा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. वायरमननं स्टिरिओच्या तोंडाला टेस्टर लावला तर आतला दिवा लागला नाही. शेळी खांबाशी जाऊन बसली. डबा असा गप्प झाला की आहे का नाही कळू नये.

संध्याकाळी मी कॅसेट लावली. ढोल पहिल्यापेक्षा स्वच्छ वाजत होता, भिंतीला हात लावला तर कळत होता. मी आप्पांचा हात धरून आणला आणि स्टिरिओवर ठेवला. ते उभे राहिले. डोळे मिटले. हात सरकवून डब्यावर ठेवला, परत वर ठेवला. बाजू संपेपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "न्हाई."

मी खुणेनं विचारलं, काय नाही?

"हातात येत न्हाई."

मी त्यांना समजावलं. दिव्याकडं बोट दाखवलं, तारेकडं दाखवलं, हात थरथरून दाखवले, मान टाकून मेल्याचंही सोंग केलं. आप्पा शांतपणे बघत होते, मी लहान असताना पाढे चुकायचे तेव्हा बघायचे तसं.

"करंट हाय त्ये पयल्या दिशीच कळलं हुतं मला," ते म्हणाले. "फौजंत काय गवत कापलं व्हय मी? पर कायतरी येत हुतं की गं. ढोल तर कवाच गेला. गाणं सपलं तरी त्ये येत हुतं." आणि मग, "उगंच चप्पल मारलीस."

त्यानंतर त्यांनी कॅसेट लावली नाही. आई म्हणते, दिवसभर बसून असतात, जेवायला हलवून सांगावं लागतं. मी आता दर शनिवारी गावी जाते. पर्समध्ये टेस्टर असतो. कसे आहात विचारायच्या आधी नळाला लावते, खिडकीच्या गजाला, लोखंडी कपाटाला, पाण्याच्या मोटारीच्या पेटीला. आई म्हणते, तुला वेड लागलंय. त्या पेटीला मी कुलूप घातलंय आणि किल्ली सांगलीला आणलीय.

परवा गेले तर आप्पा अंगणात उभे होते. खांबावर तळहात, डोळे मिटलेले, मान किंचित हलत असलेली. मी बॅग टाकली आणि धावत जाऊन खांबाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. आप्पांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या टेस्टरकडं बघितलं.

"सकाळपास्नं समदीकडं बगितलं," ते म्हणाले. "कुठंच न्हाई."